चन्ना म्हणे

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीचं ते पहिलं वर्ष. देवगाव फाट्यावर रस्त्यात दगडं आणि बाभळीची खोडं टाकली होती. मी सेलूच्या बाजारात मीठ-मिरची विकून, उरलेला माल घेऊन बोरीला परत निघालो होतो. एसटी तिथंच अडकली. दुपारी आमच्या गावचा सीताराम पलीकडून दगडं ओलांडत आला.

"बसवंतअप्पा, चला."

"काय झालं?"

"वहिनीला बरं न्हाई."

"बरं न्हाई म्हणून तू एवढ्या लांब आलास व्हय?"

माझं ओझं त्यानंच उचललं. माझी बायको चन्नबसम्मा सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या गेली होती.

आमच्या लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात. तिच्या तळहातावर ठेवलं तेव्हा वीरभद्रप्पानं तिचंच पद म्हटलं. वीरभद्रप्पा अडतवाला. मठातल्या भजनी मंडळाचा पुढारी, पेटीही तोच वाजवतो. तिच्या हयातीत तो आमच्या ओट्यावर येऊन बसायचा आणि म्हणायचा, "वहिनी, ती नवी चाल पुन्ना एकदा म्हणा." ती आतून पीठ मळता मळता म्हणायची. तो घोळून घोळून पाठ करायचा.

चन्नाला लिहिता येत नव्हतं. पदं ती कामातच करायची. एखादा शब्द बसला नाही तर दोन-दोन दिवस माझ्याशी धड बोलायची नाही. भाकरी करपायची. मी चिडलो की म्हणायची, "भाकर उद्या बी व्हईल. हे आत्ताच पळून जायलंय."

आम्हाला मूल झालं नाही. त्यावर तिचं एक पद होतं. रोज सकाळी लिंगाला आंघोळ घालताना म्हणायची:

तळहाती लिंग, कूस माझी रिती,
न्हाऊ घालू किती, तुलाच रे।
पाणी कोमट केलं, पोळू दिलं न्हाई,
चन्ना म्हणे, बाई, रडू नको।

शेवटी करणाऱ्याचं नाव घालायचं, ही पदाची रीतच आहे. पण बाईनं स्वतःचं नाव घातलं म्हणून मठातल्या स्वामींनी तिला एकदा टोकलं होतं. म्हणाले, "भक्ताला नाव कशाला पाहिजे?" ती म्हणाली, "स्वामी, देवाला कळायला नको का, कोण बोलायलंय ते? तुमी बी दारावर थाप पडली की कोण म्हणून इचारताच की."

स्वामी हसले होते. मलाही तेव्हा ते हसणं बरं वाटलं होतं.

दिवाळीनंतरच्या सोमवारी मी मठात गेलो. तोवर जायचा धीर झाला नव्हता. कापूर, अत्तर आणि तंबाखूचा वास एकत्र येत होता. वीरभद्रप्पानं डोळे मिटले, पेटीचा भाता दाबला आणि तेच पद धरलं. गळा चांगला आहे त्याचा, खोटं कशाला बोलू. बाया पदर डोळ्याला लावू लागल्या. मग शेवटची ओळ आली.

"वीरा म्हणे, बाई, रडू नको।"

मला वाटलं, चुकून गेलं असेल. त्यानं ती ओळ तीनदा घोळवली. तीनदा वीराच. दोन अक्षरं काढली आणि दोन घातली, चाल कुठं अडली नाही. पाच पोरांचा बाप, ढेरीवर पेटी टेकवून, मिशीवर घाम, आणि म्हणतोय कूस माझी रिती. शेजारचा माणिकराव मान डोलवत म्हणाला, "काय भक्ती हाय! बाईच्या जिवात शिरला गडी."

मी उठून उभा राहिलो.

"चन्ना म्हणे," मी म्हणालो.

टाळ थांबले. वीरभद्रप्पानं डोळे उघडले. "बसा अप्पा. तुमचं दुःख आमाला कळतंय."

"दुःखाचं न्हाई इचारलं. नाव कुठं गेलं?"

"अहो, नाव म्हंजे अहंकार. मी-तूपण गळालं पाहिजे. समदं शिवाचंच हाय."

"मग वीरा कसा न्हाई गळाला?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. वीरभद्रप्पाचे कान लाल झाले. मी म्हणालो, "विद्यापीठाचं नाव बदलू देणार न्हाई म्हणून चावडीवर तुमीच वरडत होता ना? नावाला एवढं जपता, तर हे कसं काय बदललं?"

"ते वेगळं!"

"कसं वेगळं?"

स्वामी एवढंच म्हणाले, "बसवंत, मठात वाद नको. जे शिवाला वाहिलं ते वाहिलं." मग त्यांनी हातानं खूण केली आणि टाळ पहिल्यापेक्षा जोरात सुरू झाले. मी आणखी दोनदा चन्ना म्हणे ओरडलो. टाळापुढं माझा आवाज टिकला नाही. परतताना कुणीतरी खोबऱ्याचा प्रसाद हातात कोंबला. तो हातात धरायचीसुद्धा किळस आली. मी तो मठाच्या पायरीवर ठेवला आणि हात धोतराला पुसले.

दुसऱ्या दिवशी धुरपताबाईकडं गेलो. ती चन्नाची मैत्रीण, तिच्याबरोबर पदं म्हणायची.

"तुमाला येतात ना तिची पदं?"

"समदी येतात."

"मग मठात म्हणा. तिच्या नावानं."

तिनं दाराकडं पाहिलं. आत तिचा मालक जेवत होता. "भावजी, आमची हळद वीरभद्रप्पाच्या अडतीवर जाती. आनी मठात बाया पुढं बसून म्हणत न्हाईत, तुमाला म्हाईत हाय." मग हळूच म्हणाली, "मी घरात म्हणते. चन्नाच म्हणते."

तिचा मला राग आला नाही. बाकी सगळ्यांचा आला. अंगाला भस्म फासून बायकोच्या तोंडातला शब्द पळवणाऱ्यांचा आला, आणि ते ऐकून रडणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. यांना माझ्या बायकोचं दुःख गोड लागलं, फक्त ते तिचं असलेलं चाललं नाही.

गळ्यातलं लिंग मी सोडलं नाही. त्याचं यांच्याशी काही देणंघेणं नाही. मठात जाणं सोडलं. सकाळी पूजेला बसलो की पद म्हणायचा प्रयत्न करतो. मला गळा नाही, चाल सुटते. पण शेवटची ओळ मोठ्यानं म्हणतो, शेजारच्यांना ऐकू जावी म्हणून. शेजारी खिडकी लावून घेतात. अप्पाच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणतात.

गेल्या आठवड्यात गंगाखेडहून आलेल्या पाहुण्यानं सांगितलं की, तिकडच्या मंडळातही आता ते पद म्हणतात. कुणाचं आहे म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, "बोरीच्या वीरभद्रप्पाचं. तुमच्याच गावचा की! ओळखत न्हाई का?"

गंगाखेडला अजून मी गेलेलो नाही. तिथं कुणाला काही सांगितलेलं नाही. पदात तिचं नाव परत घालायचं राहिलं आहे.