आत्याच्या गळ्यातलं बटण

"नकाशा बघा मॅडम, सगळा हिरवागार!" वृद्धाश्रमाच्या मॅनेजरांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. "सिग्नल कुठेच कमी नाही. बटण दाबलं असतं तर सिस्टरकडे बेल वाजलीच असती. तुमच्या आत्या दाबतच नाहीत, आणि दाबलं म्हणून सांगतात. परवा पडल्या तेव्हाही तेच. सोमवारी त्यांना विसराळूंच्या वॉर्डात हलवतोय, तसं आश्रमात सगळ्यांना सांगूनही झालंय."

त्या वॉर्डाला बाहेरून कडी असते. आत्या पलंगावर बसून गळ्यातलं बटण चाचपत होती. लहानपणी गणित चुकलं की माझा कान पिळणारी बाई, आणि हूं की चूं नाही! माझं डोकंच फिरलं.

वायरलेसचे सर्व्हे करण्यावरच माझं पोट चालतं. असले हिरवे नकाशे मी उठता-बसता बघते.

"भिंतींवरच्या वायरलेसच्या पेट्यांची पॉवर कुणी वाढवली?"

"मीच सांगितलं. आधी पिवळे डाग होते. आता एक दाखवा!"

"अति तिथे माती," मी म्हटलं. "पेटीचा आवाज खोलीत पोचतो, एवढंच हा हिरवा रंग सांगतो. खोलीतल्या बटणाचा आवाज पेटीला ऐकू येतो का, ते कोण बघणार? माझे आजोबा?" मग आत्याकडे वळले. "बेल कधी वाजत नाही गं?"

"जेवून आले की," ती पुटपुटली. "सकाळी वाजते."

मॅनेजर हसले. "बटणाला जेवण कळतं वाटतं!"

"कळतं. चला."

आत्याला जेवणाच्या हॉलमध्ये नेऊन परत खोलीत आणलं. तिने बटण दाबलं. बेल नाही. मी हॉलच्या पेटीचे आकडे उघडले. आत्याचं बटण अजून त्या पेटीलाच चिकटून होतं. पेटी एवढी बोंबलते की खोलीतही बटणाला ती छान ऐकू येते, मग ते जवळची पेटी कशाला शोधेल? पण बटणाचा आवाज तिकडे पोचत होता उणे नव्वदने. यात उणे आकडा जितका मोठा, तितका आवाज बारीक. नव्वद म्हणजे गर्दीत कुजबुजणं. सकाळी मात्र बटण खोलीतल्या चार्जिंगवरून निघतं ते जवळची पेटी धरूनच.

मॅनेजरांना पासवर्ड टाकायला लावून मी हॉलच्या पेटीची पॉवर निम्म्याहून खाली आणली. पुन्हा मापं घेतली. नकाशावर पिवळे डाग उठले.

"अहो, हिरवं गेलं की!"

"जाऊ दे. हॉलची पेटी पुसट झाली की बटण जवळची शोधेल. आत्या, पुन्हा हॉलमधून फिरून येऊ."

खोलीत येऊन तिने बटण दाबलं. बाहेर बेल घणघणली, आणि सिस्टर धावत आल्या.

आत्या बटणाकडे बघत राहिली. "म्हणजे मी खरंच दाबत होते?" तिने मला विचारलं. "मला वाटायला लागलं होतं, दाबल्याचं नुसतं मनातच येतं."

मला रडूच फुटलं.

"दाबत होतात, आजी," मॅनेजर खाली बघत म्हणाले. "आमचंच चुकलं. सोमवारचं रद्द."

आत्याने डोळे पुसले, चपला पायात सरकवल्या आणि ताठ उभी राहिली. "मला सांगून काय उपयोग? मला वेड लागलंय, असं तुम्ही अख्ख्या आश्रमात सांगितलंत. आता चला खोली-खोलीत, आणि हेही सांगा. मी बरोबर येते."