चार काप

साहेब, पहिलं खोटं तुम्ही बोललात. तेही तोंडानं नाही, गोदामाच्या फाटकावर, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत: "कपडे जपा, पृथ्वी जपा." त्या अक्षरांखालून आम्ही चाळीस जण रोज सकाळी आत जायचो, ते नवे कोरे कपडे कापायला.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांना कळू दे. तुमच्या कंपनीचे कपडे लोक घरबसल्या मागवतात, घालून बघतात, आवडले नाहीत की परत पाठवतात. परत आलेला शर्ट झटकून, घडी घालून पुन्हा विकायचा तुम्हाला कंटाळा. कुणाला तसाच देऊन टाकावा, तर तुमच्या नावाची शान जाते. म्हणून तो कापायचा. भिंतीवर नियमाचा कागद होता: प्रत्येक नगाला चार काप. कापलेला माल मी यंत्रात दाबून गठ्ठे बांधायचो. ते गठ्ठे गिरणीत जायचे, तिथं त्यांचं पिंजून गादीत भरायचं भुसकट व्हायचं.

कापणाऱ्यांत एक बाई होती. तिला सगळे कात्रीमावशी म्हणायचे. तुम्ही तिला टेबल नंबर नऊ म्हणायचात.

मावशीनं आधी एका शर्टाच्या कारखान्यात बावीस वर्षं बाह्या जोडल्या होत्या. फक्त बाह्या. कॉलर दुसरी जोडायची, काजं तिसरी करायची. कारखाना बंद पडला आणि ती आमच्याकडे आली. म्हणायची, "जोडल्या तेवढ्या कापून झाल्या ना, की मी जन्मलेच नव्हते असं धरा."

मी तिचा माल यंत्रात टाकायचो तेव्हा हाताला वेगळा लागायचा. बाकीच्यांच्या चिंध्या असायच्या. तिचे तुकडे अख्खे असायचे, कडा सरळ. एकदा विचारलंच.

"मावशी, तुमचा माल धड दबत नाही. काय करता काय?"

"चार काप सांगितलेत ना? मोज."

मी मोजले. दोन्ही बाह्या मुंढ्यातून, म्हणजे खांद्याच्या शिवणीवरून, सोडवलेल्या, कॉलर मुळातून काढलेली, आणि एक कूस शिवणीवरून उघडलेली. चार. कापडावर ओरखडासुद्धा नव्हता.

"कापडाला कशाला दुखवायचं?" ती म्हणाली. "त्यानं कुणाचं घोडं मारलंय?"

"पण पुढं भुसकटच व्हायचं ना त्याचं."

"होऊ दे झालं तर. माझ्या हातून नको."

आता खरं सांगतो. सगळ्याचं भुसकट होत नव्हतं. मी ट्रकबरोबर गिरणीत जायचो. तिथं बायका गठ्ठे सोडून बटणं आणि चेन वेगळ्या काढायच्या. त्यातल्या एकीच्या अंगावर मला करड्या रंगाचा कोट दिसला. आमच्या गोदामातला. बाह्या पुन्हा जोडलेल्या, जरा वाकड्या, पण जोडलेल्या. मी परत येऊन मावशीला सांगितलं, "तुमचा कोट बघितला. चालत होता."

तिनं कात्री पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाली, "डावी बाही उजवीकडे नाही ना लावली मेलीनं?"

त्या दिवशी तिनं मला तिच्या डब्यातलं अर्धं दिलं.

मग तुमचा तो सप्ताह आला, "टिकाऊ कपाट, सोपे सात उपाय." गोदामात फळा लागला. कमी घ्या. नीट धुवा. सावलीत वाळवा. फाटलं तर शिवा. जुन्याचं नवं करा. अदलाबदल करा. शेवटचा, सातवा: आपल्याला नको ते दुसऱ्याच्या कामी येऊ द्या. आम्ही कात्र्या खाली ठेवून, हात पुढे करून ती सातही वाक्यं तुमच्यामागून म्हटली. मग कात्र्या उचलल्या. हसू येणाऱ्यांनी माना खाली घातल्या. मावशी हसली नाही. तिनं फळा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा ओठ हलवत.

मुख्य कार्यालयातून एक मॅडम आल्या, बरोबर कॅमेरावाला. "इथं शिवणकाम कुणाला येतं?" सगळ्यांची बोटं मावशीकडे वळली. परतीच्या ढिगातला एक निळा शर्ट काढला. खिशाखाली खिळ्यानं फाटला होता, बोट जाईल एवढा. मावशीनं त्याच शर्टाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून काढले आणि त्याच धाग्यांनी भोक विणत आणलं. कॅमेरावाला अगदी जवळ आला.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, धागा लाल घेऊ या ना? म्हणजे उठून दिसेल."

"रफू दिसलं तर ते रफू कसलं, बाई? ती तर जाहिरात झाली."

मॅडम खूश झाल्या. "अय्या, किती गोड! अजून एखादी युक्ती सांगा ना आमच्या ग्राहकांना."

आणि मावशीनं सांगितली. त्या दिवशी पहिल्यांदाच कार्यालयातल्या कुणी तिला काही विचारलं होतं. ती कॅमेऱ्याकडे सरळ बघून म्हणाली, "युक्ती कसली? मी तर कापतेसुद्धा शिवणीवरून. बाही मुंढ्यातून सोडवायची, कापडाला धक्का लावायचा नाही. ज्याच्या हाती पडेल त्यानं तासाभरात जोडावी. तुमच्या फळ्यावर आहे ना, सातवं? तेच."

मॅडमचं हसू तोंडावर तसंच राहिलं. कॅमेरावाल्यानं त्यांच्याकडे बघितलं. मी मावशीला खुणा करत होतो, पण ती मान ताठ करून उभी होती, शाळेत बरोबर उत्तर दिलेल्या पोरीसारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलंत. तिच्यापुढं खुर्ची होती. बस म्हणाला नाहीत.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब."

"कुणाला पोचवत होतीस?"

"पोचवायचं काय? गाडी नेते ना गिरणीत."

"म्हणजे चोरीच ही. आमच्या नावाचा माल रस्त्यावर फिरतोय."

"चार काप लिहिलेत, साहेब. कधी पाच पडले असतील, तीन कधीच नाही. कुठून घालायचे ते कागदात लिहिलेलं नाही."

तुमच्या आईच्या वयाची बाई तुम्हाला अहो-जाहो करत होती आणि तुम्ही तिला अगं-तुगं करत होतात, हेही लिहून ठेवतो. मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

"गठ्ठे तू बांधतोस. तुला दिसलं नाही?"

"नाही, साहेब."

हे दुसरं खोटं. ते माझं. मावशीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, जसं काही मी तेच बोलणार हे तिला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

तुम्ही म्हणालात, पोलिसांत द्यायचं की इथंच मिटवायचं, ते तूच ठरव. मिटवायचं असेल तर सगळ्यांसमोर, नव्या नियमानं कापून दाखव. भिंतीवरच्या कागदावर तुम्ही पेनानं नवी ओळ लिहिलीत: काप कापडातून जावा, शिवणीतून नव्हे.

तिचं वय अठ्ठावन्न. घरी कुणी नाही. एकट्या माणसाचं पोटही रोजच भरावं लागतं, साहेब. ती टेबलाशी आली. बाकी सगळे गोल करून उभे. तुम्ही तिच्यापुढं तो निळा शर्ट टाकलात.

"व्हिडिओ झाला. आता हा नगही कापायच्या यादीतच आहे."

तेव्हा पहिल्यांदा तिचा आवाज बदलला.

"साहेब, दुसरे शंभर देते कापून. हा राहू द्या. कुणाला देऊ नका, मीही नेत नाही. तुमच्याच कपाटात ठेवा."

"याच्यापासूनच सुरुवात."

"मग कुठून कापू, तेवढं सांगा."

तुम्ही बोट ठेवलंत. खिशाच्या खाली. "इथून. आडवा."

तिनं कात्री घातली. कापड सरसर कापत गेली आणि एका जागी अडली. रफू केलेली जागा कापडापेक्षा घट्ट असते, हे मला तेव्हा कळलं. तिनं दुसरा हात लावला आणि दोन्ही हातांनी दाबलं. कर्र असा आवाज झाला. उरलेले तीन काप तिनं भराभर घातले, मोजून. मग म्हणाली, "झाले चार." आणि पुढचा नग ओढला.

चोर म्हणून तिला कुणी नेलं नाही. ती अजून तिथंच आहे, टेबल नंबर नऊ. तिचा माल आता छान दबतो. गिरणीतल्या बायका मला विचारतात, "ते सरळ कापणारं माणूस गेलं का हो?" मी हो म्हणतो. फाटकाजवळ तुम्ही पडदा लावलाय, त्यावर दिवसभर तो व्हिडिओ चालतो. चेहरा काढून टाकलाय, आवाजही. नुसते तिचे हात, निळ्या कापडावर. त्या हातांखालून ती रोज सकाळी आत जाते. वर बघत नाही.

गेल्या महिन्यात माझा शर्ट कोपरावर फाटला. मी मुद्दामच तिच्याकडे घेऊन गेलो. शर्टाचं निमित्त होतं, मला दुसरंच काही बोलायचं होतं. तिनं भोक बघितलं, बोटानं कडा चाचपल्या. क्षणभर वाटलं, सुई मागेल.

"टाकून दे," ती म्हणाली. "नवा घे."

साहेब, मी पाचवीपर्यंत शिकलोय. कायदा मला कळत नाही, आणि कळला तरी तो तुमच्याच बाजूचा निघेल. नोकरी जाईल, हे ठाऊक असून हे छापायला दिलंय. मला एकच विचारायचंय. त्या शर्टावर तुम्ही जिथं बोट ठेवलंत, तिथंच तिचं रफू होतं. ते तुम्हाला दिसलं होतं, की दिसलंच नव्हतं? दिसलं असेल तर तसं सांगा. नसेल दिसलं तर तेही सांगा, म्हणजे निदान तिचा हात किती सफाईचा होता हे तुमच्या तोंडून कुठंतरी नोंदलं जाईल. हो किंवा नाही. एवढं लिहून, खाली सही करून पाठवा.