काटा मधोमध

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट एका काट्याची आहे, आणि काटा पडला बोटभर. लांब बसलेल्याला तो दिसायचा नाही.

दुकानाच्या काउंटरवर किटली खदखदत होती आणि ताई गाडीचं तापमान दाखवणाऱ्या एकेका गेजचं शेपूट त्या पाण्यात सोडून बघत होती. पहिल्या गेजचा काटा सत्त्याण्णववर जाऊन थांबला. दुसऱ्याचा पोहोचला, पण असा रमतगमत, की तोवर किटलीतलं पाणी अर्धं व्हावं. तिनं दोन्ही खोके बाजूला सारले.

मीटरवाले काका तीस वर्षं गाड्यांची मीटरं विकत होते. ती किटलीत बुडवून निवडणारं गिऱ्हाईक त्यांनी आजच पाहिलं. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे ओढली आणि तिसरा खोका आपणहून उघडून दिला. साधी काळी तबकडी, पांढरा काटा, मागे तांब्याची बारीक नळी. वायर नाही, दिवा नाही. ताईनं नळीचं टोक बुडवलं, दुसऱ्या हातातला थर्मामीटर शेजारी धरला. दोघांनी एकच आकडा सांगितला.

"हे दिसायला गरीब आहे," काका म्हणाले, "पण खोटं बोलायची अक्कल याला नाही. गाडीसोबत येणारे कंपनीचे काटे हुशार असतात. गिऱ्हाईकाच्या जिवाला घोर नको, एवढंच बघतात."

ताईचा धाकटा भाऊ मागे उभा होता. त्याचं स्वतःचं गॅरेज होतं आणि हातात त्यानं निवडलेला खोका होता: चकचकीत पडदा, सात रंगांत सात आकडे, इंजिन तापलं की वाजणारा भोंगा. त्यानं तो काउंटरवर ठेवला.

"हे घे ना, ताई. तुला बघायलाही नको. तापलं की हे स्वतःच बोंब मारतं."

"मला बोंब मारणारं नकोय. मला दिसणारं हवंय."

"दिसत तर मागच्या वेळीही होतं."

काकांनी उगाच किटलीचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं.

मागच्या वेळी काय झालं, तेही ऐका. शहराबाहेरचा शर्यतीचा रस्ता महिन्यातून एक रविवार सगळ्यांसाठी खुला असे. ज्याला हौस असेल त्यानं आपली गाडी आणावी आणि मनसोक्त पळवावी. ताईला ती हौस होती, चाळिशी उलटल्यावरही होती. सातव्या फेरीत बॉनेटमधून वाफ उसळली आणि गाडी जागच्या जागी बसली. ती दुरुस्त करायला भावाला तीन महिने लागले. काट्याकडे बघत नव्हतीस का, असं त्यानं विचारलं तेव्हा ताई म्हणाली होती, की बघत होते, काटा मधोमध होता. यावर भाऊ हसला. आता हसण्यासारखं त्यात काय होतं, ते कळायला या घरातली एक थट्टा माहीत असावी लागते.

त्यांचे वडील, अण्णा, एका साहेबांकडे ड्रायव्हर होते. ही गाडी तेव्हा साहेबांची होती. एकदा लांबच्या चढावर इंजिन तापून जाम झालं. साहेबांनी चार माणसांत विचारलं, लक्ष कुठे होतं तुझं? अण्णा एवढंच म्हणाले, की काटा मधोमध होता, साहेब. नोकरी गेली. गाडी भंगारात निघाली, ती अण्णांनीच उचलून आणली आणि घरामागे ताडपत्रीखाली ठेवली; पुष्कळ वर्षांनी ताईनं ती भावाकडून चालती करून घेतली. नोकरी गेल्यावर अण्णांनी कुणाचीच गाडी चालवली नाही. गोदामाच्या फाटकावर बसून आयुष्य काढलं. आणि घरात मात्र ते वाक्य राहिलं. दूध उतू गेलं, की कुणीतरी म्हणायचं, काटा मधोमध होता वाटतं. भाऊ नापास झाला, काटा मधोमध. कुणी उशिरा आलं, कुणी विसरलं, कुणी सबब सांगितली, की ठरलेलं: काटा मधोमध. सगळे हसायचे. अण्णाही हसायचे.

ताईनं दुकानात काळ्या तबकडीची दोन गेजं घेतली, एक पाण्यासाठी, एक ऑइलसाठी. भावानं आपला खोका परत ठेवला. गॅरेजशी पोहोचल्यावर त्यानं सांगून टाकलं: गेज तुला हवं ते लाव, मात्र रविवारी गाडी मी चालवणार. तीन महिने राबलोय मी तिच्यावर. पुन्हा कुणाच्या दुर्लक्षापायी जळलेली मला बघायची नाही.

ताईनं खाली वाकून पाना उचलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा दोन्ही गेजं लागली होती. ताईनं स्वतः होजमध्ये जोड बसवला होता, ऑइलची जागा शोधली होती, तांब्याच्या नळ्या रबर घालून आत ओढल्या होत्या. कंपनीचा जुना काटा तिनं काढला नव्हता. पण नवी गेजं वाकडी होती. दोन्ही तबकड्या डावीकडे कलंडलेल्या, शंभरचा आकडा भलतीकडेच. भावाला राहवेना. त्यानं हात घालून पाण्याचं गेज सरळ केलं. ताईनं ते पुन्हा फिरवलं.

"अगं, वाकडं बसलंय."

"बसवलंयच तसं. आमच्या डेअरीत सगळी तशीच असतात. दूध बरोबर तापलेलं असलं, की काटा सरळ उभा. अठरा गेजं आहेत, आकडे कोण वाचत बसतं? एक नजर टाकायची; जो वाकला तो चुकला."

"ही काय दुधाची गाडी आहे?"

"सतरा वर्षांत माझ्या हातून एक बॅच नासली नाही," ताई म्हणाली. "आणि तू मला काटा बघायला शिकवणार?"

भावानं ते गेज पुन्हा सरळ केलं. तेव्हा ताईनं पाना खाली ठेवला, ड्रायव्हरच्या जागेवर बसून गाडी चालू केली, मग उतरून बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या पंख्याची वायर उपटून टाकली.

"काय करतेस?"

"तू तो जुना काटा बघ. त्यानं सांगितलं, की मी लगेच बंद करते."

ताई पुन्हा स्टिअरिंगमागे जाऊन बसली. आई डबा तसाच हातात धरून उभी राहिली. इंजिन एका लयीत चालत होतं. नवं गेज ऐंशीवर आलं, आणि जुना काटा शिस्तीत चढून तबकडीच्या मधोमध उभा राहिला. नव्वद झाले. जुना मधोमध. पंचाण्णव. गॅरेजात गरम रबराचा वास सुटला. शंभर. भाऊ आता खिडकीतून आत वाकला होता.

"बंद कर, ताई."

"तुझा काटा काय म्हणतो?"

एकशे चार. भावानं जुन्या तबकडीच्या काचेवर टिचकी मारली, झोपलेल्याला उठवायला मारावी तशी. काटा हलला नाही. एकशे आठ. बॉनेटखालून बारीक शीळ ऐकू येऊ लागली. भावाच्या कपाळावर घाम होता आणि ताईच्या दोन्ही हातांच्या मुठी स्टिअरिंगवर.

"वेड लागलंय का तुला, इंजिन जाईल!"

"का जाईल? काटा मधोमध आहे की."

भावानं हात पुढे घालून स्वतःच किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. ताई उतरली नाही. आई डबा बाकावर ठेवून खिडकीशी आली. तिला जवळचं नीट दिसत नसे; तिनं मान आत घालून दोन्ही तबकड्या डोळे बारीक करून पाहिल्या, एक आणि मग दुसरी.

"किल्ली पुन्हा थोडी फिरव," ती म्हणाली.

ताईनं इंजिन चालू न करता किल्ली अर्धी फिरवली. नव्या गेजचा काटा एकशे दहावर होता. जुना उठला आणि आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसला.

"हाच का तो काटा?" आईनं विचारलं. "त्यांच्या वेळचा?"

"हाच," भाऊ म्हणाला.

आईनं पदराच्या टोकानं जुन्या तबकडीची काच पुसली. ताईचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. घरातली ती थट्टा पहिल्यांदा कुणी केली, हे आईला आठवत असेल किंवा नसेल. ताईला आठवत होतं. ती सोळा वर्षांची होती, दूध उतू गेलं होतं, आणि अण्णा तिथेच दारात चपला काढत होते. सगळे हसले, तेव्हा तिला आपण फार हुशार वाटलो होतो.

"रविवारी मी चालवणार," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता तसा निघाला नाही, पण निघाला.

 भावानं पंख्याची वायर जोडली, बॉनेट उघडंच ठेवलं, हात पुसले. मग दुसऱ्या बाजूनं गाडीत बसून पाण्याच्या गेजचा नट सैल केला आणि तबकडी अंदाजानं डावीकडे कलती केली.

"एवढी?"

"अजून थोडी."

त्यानं अजून थोडी फिरवली. मग जुन्या काट्याकडे बोट केलं. "हा काढून टाकू?"

"राहू दे. सगळ्यांना दिसू दे."

त्या घरात दूध अजूनही उतू जातं, माणसं उशिरा येतात, सबबीही सांगतात. ते वाक्य मात्र आता कुणी म्हणत नाही. देव तुमच्या गाड्या थंड ठेवो. पण कधी एखादा माणूस चार जणांत मान खाली घालून सांगू लागला, की मी बघत होतो, काटा मधोमध होता, तर हसण्याआधी क्षणभर आमच्या अण्णांची आठवण ठेवा.