मडगाडावरची जागा

धाकट्या जावेचं, सगुणाबाईचं, एक वागणं चतुराबाईच्या डोळ्यात कुसळासारखं सलायचं. रानात जाताना ती ट्रॅक्टरच्या मडगाडावर बसून जायची. एक हात नवऱ्याच्या सीटला, दुसऱ्या हातानं पदर सावरलेला, आणि वेशीतून जाताना असं बघायची, की आष्टीचा अख्खा बाजार हिनंच विकत घेतलाय. ट्रॅक्टर दोन्ही घरांचा सामायिक. चतुराबाईचे कारभारी होते तेव्हा दोघा भावांनी मिळून घेतलेला. कारभारी गेले, पोरगा जालन्याला नोकरीला लागला आणि चालवायला उरला एकटा धाकटा दीर, तातेराव. म्हणजे ट्रॅक्टर निम्मा चतुराबाईचा आणि मडगाड सगळं सगुणाबाईचं.

"बसावं की," चतुराबाई शेजारच्या साळूबाईला म्हणाली. "पर बापानं आंदन दिल्यावानी बसू न्हाई. आमचे मालक असताना मी कधी टायरला टेकले न्हाई."

"त्यांनी बसवलंच न्हाई म्हून," साळूबाई बोलून गेली.

त्या दिवशी चतुराबाईनं तिला विरजण दिलं नाही.

चित्रा नक्षत्राचं ऊन तापलं होतं. काळ्या रानाला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. ज्वारी पेरायची तर ओल खाली सरकायच्या आत ट्रॅक्टरमागं मोगडा लावून माती मोकळी करायची पाळी व्हायला पाहिजे होती. सकाळी मोगडा सगुणाबाईच्या तुकड्यात चालायचा, दुपारून चतुराबाईच्या. सगुणाबाईकडं बांधाशी तास संपलं की मोगडा टुणकन वर उठायचा, ट्रॅक्टर वळायचा आणि मोगडा पुन्हा मातीत बसायचा. तोच मोगडा बांध ओलांडून चतुराबाईच्या रानात आला की त्याचं अंग दुखायला लागायचं. अर्ध्यात यायचा आणि कण्हत कण्हत खाली. वळताना फाळ फरफटायचे, बांध खरवडून निघायचा. तातेराव दोनदा उतरला, खालून वरून बघितलं आणि ट्रॅक्टर घराकडं वळवला.

"भावजी, त्या रानात उठतंय. ह्या रानात काय मरन येतं त्याला?"

"जुनं झालं वैनी. उचलायचं हायड्रोलिक दमलं."

"बरं दमतं माझा बांध बघूनच. एवढा हुशार तर आपला बैल बी न्हवता. माझी ओल उडून चालली न् तुमी दमल्याचं सांगून राह्यले. उद्यापासून सकाळची पाळी माझी."

तातेरावनं बायकोकडं बघितलं. हे बघणंही चतुराबाईनं बघितलं.

सकाळी मोगडा तिच्या रानात पाखरागत उठला. एकदाही पडला नाही. दुपारपर्यंत निम्म्याच्या वर रान काळंभोर झालं. आता घरी जायला हरकत नव्हती. पण ती बाभळीखाली भाकरी सोडून बसली. न खाता. नुसती बांधापलीकडं बघत.

तिसऱ्या वळणाला सगुणाबाईच्या रानात मोगडा अर्ध्यात येऊन खाली बसला.

चतुराबाईच्या पोटात गूळ पडला. कोरडी भाकरी एकदम गोड लागायला लागली. दोन घास झाले असतील-नसतील, तेवढ्यात सगुणाबाई तरातरा बांध ओलांडून आली.

"जाऊबाई, काय करून ठिवलं तुमी त्याला? तुमच्यात बराबर चाललं न् माझ्यात आलं की बसलं. एकेकाची नजरच वाईट आसती."

हेच्या हेच शब्द चतुराबाई काल साळूबाईपाशी बोलली होती. तेव्हा ते किती खरे वाटले होते.

"नजर? चल, काढते नजर त्याची."

ती तशीच उठली आणि ट्रॅक्टरपाशी गेली. मागच्या बाजूला हात लावला तर चटका बसला. "भावजी, ह्याच्या पोटातलं तेल दाखवा."

तातेरावनं तेल मापायची पट्टी ओढून काढली. तेल पट्टीवरून पाण्यासारखं निथळलं.

"हे तेल हाये? मालक असताना काकवीवानी असायचं. माझ्या लुगड्यावर सांडलं तर डाग अजून गेला न्हाई."

तातेराव मान खाजवायला लागला. "ते नव्वद नंबरचं जाड तेल होतं, वैनी. औंदा बदललं. गावातल्या कडूबाच्या नव्या ट्रॅक्टरला हे पातळ घालतेत, कंपनीच्या डब्यातलं, सोन्यावानी पिवळं. हिनं त्याच्या दारात बघितलं न् मागंच लागली. म्हनली, आपल्यालाच का काळं न् चिकट?"

सगुणाबाईला एकाएकी बाभळीवरची पाखरं दिसायला लागली.

"मिस्त्री काय म्हनला होता?"

"कडूबाचा पंप नवा, आपला झिजलेला. जाडच ठिवा म्हनला होता."

"मिस्त्री बोलला न् तुमी बायकोचं ऐकलं. आवं, तूप सकाळी गोठतं न् चुलीपाशी पानी होतं, हे कळायला काय शाळा लागती? सकाळी घट्ट, तवा उचलतंय. दुपारी तापून पातळ झालं की झिजल्या जागंतून निसटतंय. त्याला माझं रान न् हिचं रान काय कळतंय?"

तेल गरम होतं तोवरच तातेरावनं खालचं बूच खोललं. तळाचा गाळ संगं निघाला. जाळी डिझेलमध्ये धुतली तर लोखंडाची चमचमती भुकटी घमेल्याच्या बुडाला बसली. निघालेलं तेल दाराच्या चौकटींना, वाळवी लागू नये म्हणून. तेही चतुराबाईनं समोर उभं राहून निम्मं मोजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वाटूर फाट्याहून नव्वद नंबरचं तेल आलं. ऐन उन्हात मोगडा सगुणाबाईच्या रानात उतरला. तास संपलं, मोगडा उठला आणि वरच राहिला. मग बांध ओलांडून चतुराबाईच्या उरलेल्या तुकड्यात आला. तिथंही उठला, तिथंही राहिला. उन्हं कलायच्या आत दोन्ही रानं एका रंगाची झाली. पेरणीची तिफण आता कधीही धरावी.

घरी निघताना सगुणाबाईनं सवयीनं मडगाडाला हात घातला.

"थांब. तिथं आज मी बसनार."

"त्या बाजूचं मडगाड मोकळंच हाये की, जाऊबाई."

"हाये. तिकडून वेशीतल्या बाया दिसत न्हाईत." चतुराबाईनं लुगडं खोचलं आणि टायरवर पाय दिला. "आन् ध्यानात ठिव सगुणे, दुसऱ्याच्या दारातलं बघून जळनाऱ्या बाईचा मोगडा असाच पडत असतो. सरक."