कॉम्प्युटरातले उकंडराव

सेनगावच्या बसस्टँडसमोरचा रस्ता शुक्रवारी भरदुपारी बंद पडला. अपघात झाला नव्हता की कुणी पुढारी आला नव्हता. उत्तमरावांच्या कॉम्प्युटर-झेरॉक्सच्या दुकानात मेलेला माणूस दिसत होता, आणि तोही फुकट.

जीपवाल्यांनी भरलेल्या जिपा तशाच उभ्या केल्या. एसटीतली माणसं खिडक्यांतून अर्धी बाहेर आली. दुकानाच्या दारात माणसावर माणूस चढला होता आणि आत, कॉम्प्युटरच्या पडद्यावर, एक म्हातारा सगळ्यांकडे बघत होता. कपाळाला भलाथोरला टिळा, गळ्यात झेंडूचा जाडजूड हार.

"आत्ता डोळे वटारले, बघितलं का?"

"मला तर हसून राहिला मघापासून."

फोटो जागचा हलत नव्हता. पण एवढ्या लांबून, एवढ्या उन्हात येऊन नुसता फोटो बघून परत जायला कोण तयार होईल?

गर्दीच्या मागे, झेरॉक्स मशीनच्या आडोशाला संगिता राठोड उभी होती. लोक एकदा म्हाताऱ्याकडे बघत आणि एकदा तिच्याकडे. कारण साऱ्या सेनगावला एव्हाना ठाऊक झालं होतं की ती पोरगी बसली की कॉम्प्युटर मरतो, आणि कॉम्प्युटर मेला की हा म्हातारा येतो.

संगिता जवळच्या तांड्यावरची. तांड्यातली बारावी झालेली आणि टायपिंगची परीक्षा दिलेली पहिलीच पोरगी. सन दोन हजार चारच्या मार्चात उत्तमरावांनी वसमतच्या सोमेश्वर नावाच्या व्यापाऱ्याकडून कॉम्प्युटर घेतला. "वापरलेला हाय, पण नव्यापरीस चांगला," असं सोमेश्वरनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. सकाळी उत्तमराव स्वतः बसत, बारा ते पाच संगिता. दोघांनी मिळून रहिवासी दाखल्यांचे आणि डी.एड.च्या प्रवेशाचे अर्ज छापायचे.

सकाळी यंत्र गुणी लेकरासारखं चाले. संगिता बसली की तासाभरात भपकन बंद. वीज असायची, वायर जागेवर असायची, तरी बंद. अर्धा लिहिलेला अर्ज गेला तो गेलाच. थोड्या वेळानं यंत्र आपोआप जागं व्हायचं, पण तोवर लोक देवाचं नाव घेत चार हात लांब सरकलेले. मग पाचेक मिनिटांनी तो हारवाला म्हातारा.

उत्तमरावांनी सोमेश्वरला फोन केला. त्यानं खोलून बघायचं नाव काढलं नाही. "मशीन बराबर हाय. जागेचा न्हाई तर माणसाचा दोष असंल. माझ्या वळखीचे एक महाराज हायेत, घेऊन येतो." आणि त्या शुक्रवारी तो स्वतःच्या जीपमधून तरंगबाबांना घेऊन हजर झाला.

तरंगबाबांनी भगव्या कफनीवर काळा गॉगल चढवला होता आणि हातात मोरपिसांचा कुंचा धरला होता. विज्ञानाशी त्यांचं वाकडं नव्हतं. उलट, विज्ञान हे आपलंच धाकटं भावंड असल्यासारखे ते बोलत.

"व्हायरस, व्हायरस करता. मूळ संस्कृत शब्द आहे तो. विष अधिक रस, विषारस! इंग्रजांनी पळवला. आणि रॅम म्हणजे काय? राम! या यंत्रात राम उरलेला नाही, म्हणून ते बंद पडतं."

"वा!" गर्दीतले एक गुरुजी म्हणाले. गुरुजींना पगार विज्ञान शिकवण्याचा मिळत होता.

बाबांनी मंत्र पुटपुटत कुंचा आधी हवेत, मग टेबलावरून फिरवला आणि म्हातारा पडद्यावरून गायब झाला. लोकांच्या अंगावर काटा आला. मग बाबांनी मूठभर भस्म पेटीच्या मागच्या जाळीतून आत फुंकलं. पेटीवर नर्मदाबाईंनी, म्हणजे उत्तमरावांच्या बायकोनं, हौसेनं शिवलेली मखमलीची झूल होतीच, तिच्यावर बाबांनी लाल कापड गुंडाळलं आणि डोळे मिटून निकाल दिला, "अतृप्त आत्मा आहे. बिनलग्नाचा मेला. म्हणून तरण्या पोरीच्या मागं येतो. मंगळवारी बंदोबस्त करू. तोवर या पोरीची सावलीसुद्धा यंत्रावर नको."

"काका, दोन महिन्यांत माझ्या टायपिंगात एक चूक निघाली का?" संगितानं उत्तमरावांना विचारलं.

उत्तमरावांनी तिच्याकडं बघितलं नाही. "तुझी चूक न्हाई म्हणत मी. पायगुण म्हणून काही असतंय का न्हाई?"

बातमी तिच्याआधी तांड्यावर पोचली होती. बाप, वसराम, बाजेवर बसून होता. "जिथं पोरीचं असं नाव घेऊन राहिले तिथं जायचं न्हाई. उद्या सोयरिकीला कोण येईल?"

"बा, आज घरात बसले तर मी कबूल केल्यावानी होईल. मंगळवारपर्यंत थांब."

वसराम बाजेवर आडवा झाला. तिनं ते होकारात धरलं.

त्या रात्री तिच्या डोक्यातून भूत नव्हे, कुंचा जात नव्हता. बाबांनी तो हवेत फिरवला तेव्हा म्हातारा ढिम्म होता. टेबलावरून फिरवला तेव्हाच गेला. आणि टेबलावर काय होतं? माऊस.

शनिवारी सकाळी उत्तमराव कागद आणायला हिंगोलीला गेले होते. दुकानात नर्मदाबाई एकट्या होत्या. "काकू, वही राहिली माझी," म्हणत संगिता आत शिरली आणि मग खरं ते बोलली. "पाच मिनिटं माझ्याजवळ बसा. कशालाबी हात लावायचा न्हाई. मग तुमीच सांगा भूत हाय का न्हाई."

नर्मदाबाई घाबरत बसल्या. पाच मिनिटांनी म्हातारा आला. त्यांनी डोळे घट्ट मिटले. संगितानं पेन्सिलच्या टोकानं माऊसला जरासं ढकललं.

"उघडा डोळे."

म्हातारा नव्हता.

"कुठं गेला गं?"

"कुठंच न्हाई. काम थांबलं की पडद्यावर आपोआप फोटो यावा, अशी सोय असती कॉम्प्युटरात. आधीच्या मालकानं करून ठेवली असंल. माऊस हलला की फोटो जातो."

दुसऱ्यांदा म्हातारा आला तेव्हा नर्मदाबाईंनी एक डोळा उघडा ठेवला. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच माऊसला बोट लावलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

संगितानं शोधून तो फोटो उघडला, मोठा केला. कोपऱ्यात बारीक अक्षरात जिंतूरच्या एका फोटो स्टुडिओचं नाव आणि फोन नंबर होता. ती तडक एसटीडी बूथवर गेली.

"हारवाले? अहो, ते आमचे उकंडराव!" पलीकडून स्टुडिओवाला म्हणाला. "एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाले तेव्हा सत्कार झाला, त्यातला फोटो हाय. लई झ्याक आला म्हणून पडद्यावर लावला होता मी."

"कधी वारले?"

"वारले? परवाच तर पासपोर्ट साईज काढून नेले माझ्याकडून!"

बूथवाला बघत राहिला, इतकी ती हसली. तेवढ्यात स्टुडिओवाल्यानं दुसरी गोष्ट सांगितली. तो कॉम्प्युटर गरम होऊन सारखा बंद पडायचा, म्हणून त्यानं तो भंगाराच्या भावात विकला होता. कुणाला? वसमतच्या सोमेश्वरला. आणि का विकतोय, तेही त्याला सांगितलं होतं.

संगितानं उकंडरावांचा पत्ता घेतला. पुढं काय करायचं ते तिनं नर्मदाबाईंना तेवढं सांगितलं. उत्तमरावांना सांगायचं नाही, यावर दोघींचं लगेच एकमत झालं.

मंगळवारी दुकानापुढं मांडव पडला. तरंगबाबांसमोर नारळ, लिंबं, आणि मधोमध पडदा तेवढा उघडा ठेवून लाल कापडात गुंडाळलेला कॉम्प्युटर, बोहल्यावरच्या नवरीसारखा. बाबांच्या शेजारी सोमेश्वर हात जोडून बसला होता. यंत्र सुरू झालं, कुणी हात लावला नाही, आणि पाच मिनिटांनी म्हातारा प्रकटला. शेदोनशे माणसांनी एकदम श्वास आत ओढला.

संगिता पुढं आली. मागं वसराम उभा होता, त्याच्याकडं तिनं मुद्दामच बघितलं नाही.

"बाबा, हा माणूस मेला कधी?"

बाबांना असा प्रश्न आवडला. "सहा वर्षं झाली. विहिरीत पडला. अमावास्या होती."

"लग्न झालंच नव्हतं?"

"सांगितलं ना! अक्षता पडल्या असत्या तर आत्मा भटकला कशाला असता?"

"आणि तुमच्या कुंच्याला भितो?"

"चळाचळा कापतो!"

नर्मदाबाई घरातून केरसुणी घेऊन आल्या. त्या केरसुणीनं त्यांनी टेबल झाडलं. म्हातारा गायब.

"अगंबाई," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हा तर केरसुणीलाबी भिऊन राहिला!"

पोरासोरांत खसखस पिकली. बाबा डगमगले नाहीत. "माते, माझ्या कुंच्यातली शक्ती तुमच्या केरसुणीत उतरली आहे."

"उतरू द्या," तिसऱ्या ओळीतून आवाज आला. "पण मी विहिरीत कधी पडलो ते सांगा."

एक म्हातारा उठून उभा राहिला. डोक्यावरची टोपी त्यानं काढली. कपाळाला टिळा नव्हता, गळ्यात हार नव्हता, पण चेहरा तोच. दोन बायका किंचाळल्या. विज्ञानाचे गुरुजी सर्वांत आधी मांडवाबाहेर पोचले.

"पळू नका हो, सकाळच्या जिंतूर गाडीनं आलो, तिकीट हाय खिशात," उकंडराव म्हणाले. "आणि बिनलग्नाचा म्हणून राहिला का रे मला? तीन लेकरं, सात नातवंडं हायेत. घरी माझ्या बायकोला हे ऐकव, म्हंजे विहिरीत कोण पडतंय ते कळंल!"

मांडव हसण्यानं हादरला. बाबांनी 'परकायाप्रवेश' असा काहीतरी शब्द काढला, पण तो कुणाला ऐकू गेला नाही.

"मंग मशीन बंद काहून पडतं?" उत्तमरावांनी विचारलं. ते घामानं भिजले होते.

"मागून हात लावा, तव्यावानी तापलंय," संगिता म्हणाली. "सकाळी गार असतं म्हणून तुमी बसता तवा चालतं. दुपारी दुकानाचे हे पत्रे तापतात, वर मखमल, वर बाबांचं लाल कापड. मग बंद पडतं, भिऊन कुणी हात लावत न्हाई, म्हणून पाच मिनिटांनी फोटो येतो. माझ्या जागी बाबा बसले असते तरी बंद पडलं असतं."

उकंडरावांनी खिशातून पेचकस काढला. "अठ्ठावीस वर्षं एसटीची इंजिनं खोलली मी. गरम झालं की गाडी थांबती. ड्रायव्हरच्या पायगुणानं थांबलेली एकबी बघितली न्हाई." त्यांनी पेटीचं झाकण काढलं. आतल्या पंख्यावर बोटभर धुळीचा थर होता आणि त्या थरावर बाबांचं भस्म चिखलासारखं चिकटलं होतं. पंखा फिरायचा प्रयत्न करी आणि थांबे. लोकांनी रांग लावून तो बघितला.

मग संगितानं जिंतूरच्या स्टुडिओवाल्याचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. आजार ठाऊक असून सोमेश्वरनं मशीन विकलं होतं, आणि ते दुरुस्त करून द्यावं लागू नये म्हणून बाबाला आणलं होतं. उत्तमराव सोमेश्वरकडे वळले तेव्हा तो जीपकडे निघाला होता. बाबा त्याच्याआधीच जीपमध्ये जाऊन बसले होते. लोकांनी जीप अडवली आणि मशीन बदलून देतो असं सोमेश्वरकडून कागदावर लिहून घेतलं. तो कागद संगितानं सुंदर अक्षरात लिहिला, हातानं.

"चुकलो पोरी," उत्तमराव म्हणाले. नर्मदाबाईंच्या मते एवढं पुरेसं नव्हतं, म्हणून त्यांनी ते भर मांडवात पुन्हा एकदा म्हणायला लावलं. वसरामनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या दिवशी तो दुकानात पाच वाजेपर्यंत बसून राहिला.

तरंगबाबांचं फार वाईट झालं असं समजू नका. महिनाभरानं ते दुसऱ्या तालुक्यात मोबाईलच्या टॉवरची शांती करताना दिसले. अशा माणसांना गिऱ्हाईक आपण पुरवतो. यंत्र का बिघडलं हे शोधायला पेचकस लागतो, वेळ लागतो आणि कधीकधी 'मला ठाऊक नाही' असं कबूल करावं लागतं. एखाद्या पोरीचं नाव घ्यायला यातलं काहीच लागत नाही, म्हणून आपण ते आधी घेतो.

बदलून आलेलं मशीनही जुनंच होतं. पुढं पावसाळ्यात एके दुपारी तेही बंद पडलं. दुकानात सातआठ गिऱ्हाइकं होती आणि खुर्चीत संगिता होती. सगळ्यांनी एकदा पडद्याकडं बघितलं आणि एकदा तिच्याकडं. मग एक शेतकरी पुढं वाकून म्हणाला, "काय बिघडलं बाई? खोलून बघा की."

संगितानं पेचकस घेतला.