गुरुवारचे आभार

बाइंडरने सुरीची धार अंगठ्यावर पाहिली आणि बायकोने पुढे सरकवलेली वही उघडली. दर वर्षी तो तिला अशी एक वही शिवून द्यायचा आणि मग त्या वहीकडे ढुंकूनही पाहायचा नाही. प्रार्थनेची वही म्हणजे बायको आणि देव यांच्यातली गोष्ट. तिथे नवऱ्याने नाक खुपसू नये, एवढं शहाणपण त्याला होतं.

“खुणेचा धागा आहे ना, ते पान काढा,” ती म्हणाली.

“अगं, एक पान काढलं की जोडीचंही सुटतं. शिवणच तशी असते.”

“सुटू दे.”

चार महिन्यांत तिने वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याआधी तिचा एक दिवस चुकला नव्हता. डाव्या पानावर मागणं, उजव्या पानावर देवाचं उत्तर. उत्तर आलं नाही तर उजवं पान कोरं. शेजारणीचा गुडघा, चर्चच्या पाळकांचा खोकला, नवऱ्याचा तापटपणा, सगळ्यांची तिथे वर्णी लागायची. तापटपणासमोरचं पान अजून कोरंच आहे, असं ती चारचौघांत हसून सांगायची.

त्याने धाग्यापाशी पाहिलं. उजवीकडे तिच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘गुरुवार. ऑपरेशन नीट झालं. बडबडी वाचली. प्रभू, तुझे उपकार कसे फेडू?’

बडबडी म्हणजे त्यांची आठ वर्षांची मुलगी. त्या गुरुवारी ती ऑपरेशनच्या टेबलावरच गेली.

“बुधवारीच लिहून ठेवलं होतं मी,” बायको म्हणाली. “प्रार्थनेला येणाऱ्या बायका म्हणायच्या, विश्वास असेल तर आभार आधीच मानावेत. बाजारात तुरी, आणि मी देवाचं उत्तर लिहून मोकळी झाले. त्याला राग आला असेल. माझ्यामुळेच गेली ती.”

बाइंडरने सुरी खाली ठेवली. ती देवावर रुसली आहे, असं तो इतके दिवस समजत होता. हे ओझं घेऊन ती त्याच्यासमोर स्वयंपाक करत होती, जेवत होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

“तुझ्यामुळे नाही,” तो म्हणाला. “मंगळवारी मी रिपोर्ट आणायला गेलो ना, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. दहात एखादं मूल वाचतं, म्हणाले. आणि मी घरी येऊन तुला सांगितलं, किरकोळ ऑपरेशन आहे.”

“किरकोळ,” ती म्हणाली.

“मला सांगवेना गं. म्हटलं, तुझे दोन दिवस तरी सुखाचे जाऊ देत. तू देवाला गृहीत नाही धरलंस. माझ्या शब्दावर विसंबलीस.”

आता तरी तिच्या मनावरचं ओझं उतरेल, असं त्याला वाटलं. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर त्याने मुकाट ऐकून घेतलं असतं. पण तिचा आवाज चढलाच नाही.

“मंगळवारी किती वाजता?”

“सकाळी. अकराच्या सुमाराला.”

तिने वही आपल्याकडे ओढली आणि दोन पानं मागे उलटली. ओळीखाली बोट धरून ती सावकाश वाचू लागली.

“‘मंगळवार, संध्याकाळ. बडबडीला सातचा पाढा म्हणायला बसवलं. तिला माझ्या मांडीवर झोपायचं होतं. बरी झाल्यावर शाळेत मागे पडशील, लाड पुरे, म्हणून मी तिला उठवलं. ती रडत रडत त्रेसष्टपर्यंत गेली. प्रभू, मला सहनशीलता दे.’”

बाइंडरने तोंड दुसरीकडे फिरवलं.

“इकडे बघा,” ती म्हणाली. “अजून बुधवारचं वाचायचं आहे.”

त्याने स्टूल ओढलं आणि तो तिच्यासमोर बसला.