व्हिलारिन्यूंचे पडदे

अल्बानुने नोटिशीच्या पाठीला खळ फासली आणि ती लोखंडी दारावर दोन्ही तळव्यांनी दाबून बसवली. वरचा कोपरा चिकटला, खालचा चिकटेना. दार दवाने ओले होते. रुमालाने ते पुसायला तो वाकला, तेवढ्यात खालच्या वाटेवर बादलीची कडी वाजली.

त्या कडीचा आवाज त्याला ओळखीचा होता. आज शनिवार, हेही ठाऊक होते. पण देओलिंदाबाई नऊच्या आत कधी येत नसत आणि आता कुठे सव्वाआठ होत होते. त्याने नोटीस ओरबाडून काढली, कशीबशी घडी घातली आणि कोटाच्या खिशात कोंबली. ओली खळ अस्तराला लागली.

"दाराशी काय करतोयस रे?" चढ चढून आल्यामुळे बाईंना धाप लागली होती.

"गंज आलाय का बघत होतो."

"मागच्याच शनिवारी घासलाय मी. चष्मा कुठंय तुझा?"

"आज लवकर आलात, दोना देओलिंदा."

"दुपारी पाऊस आहे. गुडघा सांगतोय." त्यांनी बादली खाली ठेवली. "उघड आता. की गंजाशी बोलायचं राहिलंय अजून?"

त्याने कमरेच्या जुडग्यातून चावी काढून दार उघडले. दीडशे वर्षांपूर्वी नदीकाठच्या दारूच्या व्यापाऱ्यांनी या टेकडीवर दफनभूमीची बाग लावली, आणि बागेत आपल्या मेलेल्यांसाठी अशी दगडी घरे बांधली. प्रत्येकाला छोटा घुमट, आत दोन्ही भिंतींना फळ्या, फळ्यांवर शवपेट्या. दाराला वरच्या बाजूला काच, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने आत डोकावू नये म्हणून काचेला आतून लेसचे पडदे. इतर दगडी घरांचे पडदे कधीच पिवळे पडून गळाले होते. या व्हिलारिन्यू घराण्याचे पडदे मात्र दर शनिवारी बदलत. बाई धुतलेले, कांजी केलेले, इस्त्रीचे पडदे वर्तमानपत्रात गुंडाळून आणत आणि आधीचे घेऊन जात. मग संगमरवर घासत, पितळी फुलदाणीत ताजे पाणी भरत आणि दाराजवळच्या बाकावर तासभर बसून राहत.

हे अल्बानु सव्वीस वर्षे बघत आला होता. त्या पहिल्यांदा त्याच्याकडे आल्या तेव्हाही हातात पडदे होते. चावी मागितली, त्याने दिली. कोण, कुठल्या, हे त्याने विचारले नाही, आणि पुढे विचारणे विचित्र दिसले असते.

तो खाली मधल्या वाटेवर आला. फेब्रुवारी म्हणजे कमेलियांचा महिना. झाडाखाली लाल-पांढऱ्या फुलांचा खच पडला होता, आणि ती फुले संगमरवरावर कुजली की डाग राहतो, म्हणून रोज सकाळी उचलावी लागत. कबर खोदणारा झेफेरिनु पाटीत फुले भरत होता. मातीकाम नसेल तेव्हा त्याला झाडलोट असे आणि ती करताना तो बडबडत असे.

"लावली नोटीस, मुकादम?"

"दार ओलं आहे."

"तीन वर्षं ओलंच आहे ते दार," झेफेरिनु म्हणाला आणि पाटी उचलून चालू लागला.

खरे होते. वारस नसलेल्या दगडी घरांची यादी तीन वर्षांपूर्वी वरून आली होती. अकरा नावे. दारावर नोटीस लावायची, साठ दिवस वाट पाहायची. कुणी आले नाही तर आतल्यांना काढायचे आणि घर नव्या कुटुंबाला द्यायचे. दहा घरे अल्बानुने नियमाप्रमाणे रिकामी केली. अकराव्यापुढे दर वर्षी तो स्वतःच्या हाताने शेरा लिही : 'कुटुंबाची ये-जा आहे.' परवा गुरुवारी नगरपालिकेच्या नव्या इंजिनिअरबाई आल्या. वयाने त्याच्या मुलीएवढ्या, बोलायला गोड, पायात चिखलाचे बूट घालून सगळी टेकडी पायी फिरल्या. शेऱ्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले,

"कुटुंबातलं कोण येतं?"

"एक बाई येतात."

"मग सोपंच आहे. त्यांची एक सही आणा, मी फाइल बंद करते. नाहीच मिळाली तर नोटीस लावा. सोमवारी मला दोन्हींपैकी एक द्या, अल्बानुकाका. तुमच्या शेऱ्याखाली आता मला सही करायची आहे."

सही मागायची म्हणजे कोण, कुठल्या, हे विचारणे आले. बाईंचे हात त्याने पाहिले होते. सोड्याने भेगाळलेले, पेरांशी सुजलेले. व्हिलारिन्यूंच्या घरातल्या बायकांचे हात तसे नसणार. म्हणूनच आज लवकर येऊन नोटीस चिकटवून टाकावी, म्हणजे त्या आपल्याआपण वाचतील, आपल्याला तोंडाने सांगावे लागणार नाही, असे त्याने ठरवले होते. आता त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने कचेरीतून कोरा अर्ज घेतला आणि परत चढ चढला.

बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मक्याच्या पावाचा तुकडा मोडून त्याच्यापुढे धरला.

"खा. तुझं तोंड बघून वाटतंय, सकाळपासून पोटात काही नाही."

त्याने तुकडा घेतला, पण खाल्ला नाही. अर्ज त्यांच्या मांडीवर ठेवला. "ह्याच्यावर एक सही लागतेय. तुम्ही ह्या कुटुंबातल्या आहात म्हणून. मग हे घर कुणी हलवणार नाही."

"आणि नाही केली तर?"

"तर नोटीस लावायची. साठ दिवस. मग ह्यांना काढायचं."

बाईंनी कागद लांब धरून वाचला. एकदा वाचला, पुन्हा वाचला. मग चौघडी घालून त्याच्या हातात ठेवला.

"मी ह्यांची कुणी नव्हे, अल्बानु."

त्याने घडी खिशात सरकवली.

"तुला ठाऊक होतं?"

"वाटलं होतं. तुम्ही ह्यांच्याकडे कामाला असाल, असं वाटलं."

"मी जन्मात ह्यांचा उंबरा पाहिला नाही. माझा नवरा, आमचा आर्मिंदु, मात्र धक्क्यावर हमाल होता. ह्यांच्या नावाची पिंपं वाहिलीही असतील त्यानं. हज्जारो पिंपं वाहिली, कुणाची ते बघत नव्हता." त्यांनी समोरच्या उतारावर बोट दाखवले. तिथे साध्या मातीच्या कबरी होत्या, ओळीने, नंबर घातलेल्या. "तो तिथं होता. तिसरी ओळ, ह्या बाकाच्या अगदी समोर."

अल्बानुने तिकडे पाहिले. मातीतली कबर कुणाला कायमची नसते. पाच वर्षे झाली की पत्र जाते, घरचे येतात, हाडे काढून पेटीत घालतात, पेटी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कुणी आलेच नाही तर ती हाडे बागेच्या टोकाला, मोठ्या देवदाराखाली, दगडी झाकणाच्या विहिरीत जातात. तिला सगळे 'सगळ्यांची विहीर' म्हणत.

"मी पॅरिसमध्ये होते," बाई म्हणाल्या. "एका इमारतीची राखण, जिने पुसणं. दर ऑगस्टला घरी यायची, त्याला भेटायची. पाचव्या वर्षी बदलीला माणूस मिळाला नाही, सुट्टी हुकली. पत्र आलं ते बंद घरात, दाराखालून आत. पुढच्या ऑगस्टला दार उघडलं तेव्हा पायाखाली आलं. तशीच धावत आले. तिसऱ्या ओळीत दुसराच माणूस. त्याची बायको फुलं ठेवत होती. मी काय भांडणार तिच्याशी? इथं येऊन बसले. हातात त्याच्यासाठी घासणी आणलेली, साबण आणलेला. आणि ह्या दारामागं एक पडदा लोंबत होता, फाटका. काळाकुट्ट." त्यांनी खांदे उडवले. "पॅरिसला परत गेले नाही. कुणाचं तरी धुवायचं होतं मला."

पारवे घुमत होते. खाली झेफेरिनुचा झाडू चालू होता.

"सही करा," अल्बानु म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच चोरटा वाटला. "कोण तपासतंय? ह्यांचा शेवटचा माणूस ब्राझीलमध्ये वारला. भाची म्हणा. कुणीही म्हणा."

"गप्प बस. चांगला माणूस आहेस, खोटं बोलणं तुला जमत नाही. मघाशी गंज बघत होतास." त्यांनी पुन्हा उतारावरच्या तिसऱ्या ओळीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "तुला किती वर्षं झाली इथं?"

"सदतीस."

"म्हणजे तूच काढलं असशील त्याला."

कोटाच्या खिशात अल्बानुच्या बोटांना वाळलेली खळ लागली. 'हो, आठवतो ना,' असे म्हणणे सोपे होते. त्याने बाईंकडे पाहिले आणि ते त्याच्याने म्हणवले नाही.

"मीच असणार. तेव्हा आम्ही दोघंच होतो आणि दुसरा खोदायचा नुसतं. पण आठवत नाही मला, दोना देओलिंदा. खूप काढलेत."

"कसं काढतोस?"

"हातानं. फावडं लाकूड लागेपर्यंत, मग हात. पायाकडून सुरुवात करतो. माती पाण्यानं धुऊन घेतो. पांढऱ्या कापडात, एकेक. डोकं शेवटी, सगळ्यात वर."

"कुणी बघायला नसलं तरी?"

"नसलं तरी."

बाईंनी मान हलवली, पुन्हा हलवली. रिकाम्या तळहाताने तोंड पुसले. मग उठून घराच्या काचेतून आत पाहिले, जणू आतल्यांची परवानगी घ्यायची होती.

"ह्यांना काढून कुठं नेणार?"

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्या त्याच्याकडेच बघत होत्या.

"विहिरीत," तो म्हणाला.

"सगळ्यांच्या?"

"हो."

"म्हणजे आमच्याकडं." बाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरले, एकटीला सोडून गेलेली माणसे स्टेशनवर परत उतरताना दिसावीत तसे. "अरे देवा. कोमेंदादोर बेर्नार्दिनु, राजाचा किताबवाला, आमच्याकडं! आणि ती लेओपोल्दिना, मखमलीशिवाय बसली नसेल कधी. आणि एउलालिया, पोर एकोणीस वर्षांची गेली रे, पाटीवर लिहिलंय. मी तिच्याशीच जास्त बोलते." त्या हसल्या आणि हसताना त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. "लाव तुझी नोटीस. सरळ लाव, वाकडी लावू नकोस. आणि काढशील तेव्हा मला बोलव. परक्यासारखं नको ते."

दुपारी खरेच पाऊस आला. त्याच्या आधी अल्बानुने दार कोरडे पुसून नवी नोटीस लावली. बाईंनी चार पावले मागे जाऊन ती सरळ असल्याची खात्री करून घेतली.

साठ दिवसांत कुणी आले नाही. बाई मात्र दर शनिवारी आल्या, पडदे बदलून गेल्या.

एप्रिलच्या शेवटी, एका मंगळवारी, चौघांना काढले. कमेलिया संपल्या होत्या, कुंपणाच्या झुडपांना कोवळी पालवी होती. इंजिनिअरबाईंनी कागदांवर सही केली आणि त्या एका बाजूला उभ्या राहिल्या. दोन नवी माणसे हाताशी होती, पण अल्बानुने त्यांना फक्त पेट्या खाली उतरवायला सांगितले. बाकीचे स्वतः केले. देओलिंदाबाई कापडे धरून शेजारी उभ्या होत्या. चौथा होता कोमेंदादोरचा पाद्री भाऊ. एउलालियाला बाईंनी स्वतः गुंडाळले.

चार गाठोडी हातगाडीवर ठेवून झेफेरिनुने ती देवदाराखाली आणली. दोघांनी पहार घालून दगडी झाकण सरकवले. आतून थंड, मातीचा वास वर आला.

"जरा थांब," बाई म्हणाल्या.

त्या गुडघ्यांवर बसल्या. ते सोपे नव्हते. अल्बानुने कोपर धरले. त्यांनी विहिरीच्या काठावर हात टेकून आत तोंड नेले. सव्वीस वर्षांत त्या या टोकाला कधी आल्या होत्या का, हे अल्बानुला आठवेना.

"आर्मिंदु," त्या म्हणाल्या. आवाज आत जाऊन किंचित मोठा होऊन परत आला. त्यांनी घसा साफ केला.

"आर्मिंदु, मी देओलिंदा. उशीर झाला, ठाऊक आहे मला. ऐक आता. चार माणसं येताहेत, चांगल्या घरची आहेत, माझ्या ओळखीची. सरकून जागा दे. तोंड सांभाळ, त्यांच्यात एक कोवळी पोर आहे, एक पाद्री आहे." त्या थांबल्या. "आणि टोपी काढ."

झेफेरिनुने इकडेतिकडे पाहिले आणि आपली काढली.